मुखपृष्ठ नसलेली वाड्याची कादंबरी: नाव, वय आणि शेवट कसा शोधायचा

खानापूरहून एका ताईंनी विचारलं आहे: अथणीकडच्या आजोळच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत एक जुनी रहस्यकादंबरी सापडली. पुठ्ठा नाही, पहिली आठ पानं नाहीत, पान १८२ नंतरचं काहीच नाही. गोष्ट एका मोठ्या वाड्याची आहे. थोरले काका मृत्युपत्र करून वाडा एकाच पुतण्याच्या नावे ठेवतात, लांब बोळाच्या टोकाला एक कायम बंद असलेली खोली आहे, दिवाणखान्यात भिंतीतल्या शेगडीमागे कसली तरी कळ आहे, आणि किल्ली जवळ असलेला कारकून एका रात्री बेळगावातून पळून शहापुरात शिरतो, तेव्हा मागावरचा फौजदार हद्दीशी थांबतो. पुस्तकाचं नाव काय, किती जुनं, शेवट कुठे मिळेल आणि बांधून घ्यावं का, हे त्यांना हवं आहे. घरातले म्हणतात, ‘बाबूराव अर्नाळकरांचं असणार’. शिवाय कादंबरी वाचल्यापासून आजोळच्या सोप्यातल्या फरशीखाली पोकळ आवाज येतो त्याचाही उलगडा त्यांना करायचा आहे.

ताई, पहिली गोष्ट, पुस्तक आत्ता कुणाकडेही बांधायला देऊ नका. मी बेळगावात ३६ वर्षं पुस्तकं बांधतोय आणि त्यातली बरीच वर्षं वाचनालयांचीच कामं केली आहेत. आम्ही बांधणीवाले पहिल्यांदा काय करतो, तर जुना दोरा काढतो, पाठीवरची खळ, म्हणजे चिकटवायची पेस्ट, खरवडतो आणि कडा कापून सरळ करतो. नेमक्या या तीन जागी तुमच्या प्रश्नांची उत्तरं आहेत. एकदा कटिंग मशीनखाली गेलं की ती कायमची गेली.

नावापासून सुरू करू. खिळ्यांच्या, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून केलेल्या छपाईच्या काळात पुस्तक फर्म्याफर्म्यानं छापलं जायचं. एक फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली साधारणपणे सोळा पानं. छापून, घडी घालून झालेले फर्मे बांधणीवाल्याकडे गठ्ठ्यानं यायचे, आणि एकाच वेळी चार-पाच पुस्तकं टेबलावर असायची. ती मिसळू नयेत म्हणून प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या अगदी तळाशी, डाव्या बाजूला, बारीक टाइपात पुस्तकाच्या नावाची आद्याक्षरं आणि फर्म्याचा आकडा टाकायची पद्धत होती. कधी पूर्ण नावही असे. वाचकाला ते दिसतही नाही, दिसलं तरी पानाचा आकडा असेल असं वाटतं. तुमचं पान १ गेलंय, पण १७, ३३, ४९, ६५, ८१ ही पानं तुमच्याजवळ आहेत. तळाची कडा बघा. समासात धूळ बसली असेल तर मऊ कुंचल्यानं झटका, ओलं फडकं लावू नका. कोपरा दुमडला असेल तर नखानं न उघडता पातळ, बोथट पट्टीनं उघडा. ‘वा.’, ‘र.’, ‘बं.’ अशी दोन अक्षरं मिळाली तरी शोध शंभर पटीनं सोपा होतो.

दुसरी जागा म्हणजे ग्रंथालयाचं गुप्त पान. वाचनालयं मुखपृष्ठावर आणि पहिल्या पानावर शिक्का मारतातच, पण आत एक ठरावीक पान असतं, प्रत्येक वाचनालयाचं वेगळं, जिथे शिक्का आणि दाखल क्रमांक पुन्हा टाकतात. चोरानं पहिलं पान फाडलं तरी पुस्तक ओळखता यावं म्हणून. सगळी पानं एकेक करून उलटा आणि मधल्या पानांवर फिकट जांभळा किंवा निळा शिक्का दिसतो का बघा. ट्रंकेतल्या अशा कित्येक कादंबऱ्या मुळात कुठल्या तरी वाचनालयाच्याच असतात, कुणी तरी नेलेल्या आणि परत करायच्या राहिलेल्या. शिक्क्यावर गावाचं नाव असलं आणि ते वाचनालय आजही चालू असलं, तर त्यांच्या जुन्या दाखल नोंदवहीत त्या क्रमांकापुढे पुस्तकाचं नाव, लेखक, किंमत आणि विकत घेतल्याची तारीख अशी सगळी ओळ मिळते. मी स्वतः एका बेवारस पुस्तकाचं नाव असंच काढलं होतं. शिक्का अर्धाच उमटला होता, क्रमांक मात्र स्वच्छ होता.

आता वय. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘वाड्यांत’, ‘त्यानें’ असे अनुस्वार आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली महाराष्ट्र शासनानं स्वीकारले आणि हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. म्हणून पुस्तक बहुधा त्याआधीचं. मी ‘बहुधा’ म्हणतो, कारण जुने छापखाने आणि जुने लेखक पुढेही काही वर्षं सवयीनं अनुस्वार देत राहिले, आणि आपल्या भागाला तर १९५६ नंतर महाराष्ट्र शासनाचा नियम थेट लागूही नव्हता. गोष्टीत टांगेवाल्याला आणे दिले जातात. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. आणि सगळ्यात बोलकी खूण म्हणजे तो फौजदार. शहापूर आज बेळगावचाच एक भाग वाटतं, पण ते सांगली संस्थानात होतं. ब्रिटिश मुलखातल्या बेळगावातून चालत निघालं की थोड्याच वेळात राज्य बदलायचं. १९४८ च्या मार्चमध्ये दख्खनची संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली आणि ती हद्द पुसली गेली. त्यामुळे गोष्टीचा काळ १९४८ च्या आधीचा नक्की. मात्र गोष्टीचा काळ आणि छपाईचा काळ एकच धरू नका, इथे पुष्कळजण फसतात. लेखक वीस वर्षांपूर्वीचं बेळगाव आठवून लिहीत असू शकतो. कागद बघितल्याशिवाय मी दशक सांगणार नाही. फोटोवरून एवढंच म्हणतो की १९३० ते १९५७ यांच्या मधलं वाटतं. कागद फार पातळ, टाइप बारीक आणि समास चिंचोळे असतील तर दुसऱ्या महायुद्धातली कागदटंचाई आठवावी.

अर्नाळकरांबद्दल. नाव नसलेली प्रत्येक जुनी रहस्यकथा त्यांच्या खात्यावर जाते, आणि ते समजण्यासारखं आहे. १९०६ साली जन्मलेल्या या माणसानं हजारावर रहस्यकथा लिहिल्या. तुमच्या पुस्तकात त्यांचे नायक झुंझार, काळा पहाड किंवा धनंजय आणि त्याचा जोडीदार छोटू भेटला तर घरातल्यांचं बरोबर. १८२ पानांत यातलं एकही नाव नसेल तर अंदाज सोडून द्या. माझं मत वेगळं आहे, आणि ते मी वाड्यावरून बनवलं आहे.

तुम्ही लिहिलेला वाडा नीट डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडच्या वाड्यात लांब बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या अशी रचना तुम्ही पाहिली आहे का? आपल्या घरात सोप्यातून माजघरात, माजघरातून स्वयंपाकघरात, तिथून परसात जायचं. नाही तर चौक असतो आणि खोल्या चौकाकडे तोंड करून असतात. खोलीतून खोलीत वाट असते. अशा घरात एक खोली वर्षानुवर्षं बंद ठेवली तर अर्ध्या घराची वाट बंद होईल. कायमची बंद खोली बोळाच्या टोकालाच शोभते, आणि तसा बोळ विलायती घरात असतो. दिवाणखान्यात भिंतीत बांधलेली शेगडी हीही तिथलीच. बेळगावात थंडी पडते, पण आपण शेगडी उचलून आणतो, भिंतीत बांधत नाही.

त्याहून मोठा पुरावा मृत्युपत्राचा. १९५६ चा हिंदू वारसा कायदा येण्याआधी अविभक्त कुटुंबातल्या कर्त्याला वडिलोपार्जित वाडा मृत्युपत्रानं एका पुतण्याला देता येत नसे. स्वतःचा हिस्सासुद्धा देता येत नव्हता, तो बाकीच्या भाऊबंदांकडेच राहायचा. वाडा काकांनी स्वतः कमावलेला असता तर गोष्ट वेगळी, पण तुम्ही लिहिता की वाडा चार पिढ्यांचा आहे. आपल्या मातीतून निघालेली गोष्ट असती तर त्यात मृत्युपत्राच्या जागी दत्तकपत्र असतं. दत्तक खरा की खोटा, विधीला कोण हजर होतं, कागदावरची मोडी सही कुणाची, यांवर घरं उभी राहिली आणि पडली. १८२४ साली कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या दत्तकाला कंपनी सरकारनं मान्यता नाकारली आणि त्यातून लढाई पेटली, ती याच जिल्ह्यात. तुमच्या खानापूर तालुक्यात नंदगडला संगोळ्ळी रायण्णाला १८३१ साली फाशी दिली, तो त्याच संस्थानासाठी लढणारा. दत्तकाचा कागद म्हणजे काय असतो हे इथल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. तरी या लेखकानं मृत्युपत्र घेतलं, कारण ते मूळ इंग्रजी गोष्टीत होतं आणि सगळं कथानक त्याच्यावर टांगलेलं होतं.

म्हणजे कादंबरी रूपांतरित आहे असं मला ठामपणे वाटतं. त्या काळी हे राजरोस चालायचं, कित्येक लेखक ‘आधारे’ किंवा ‘रूपांतर’ असं पहिल्या पानावर छापायचेही. तुमचं ते पान गेलंय.

आणि तरीही शहापूर आहे! माझ्या दृष्टीनं हीच या पुस्तकातली सगळ्यात मोलाची जागा. खोल्या विलायतेतून आल्या, पण कारकून पळतो तो रस्ता विलायतेतून येऊ शकत नाही. मूळ पुस्तकात तो कदाचित जहाजावर चढत असेल. रूपांतर करणाऱ्याला सुटकेसाठी एक हद्द हवी होती आणि त्यानं घराजवळची, रोज ओलांडायची हद्द घेतली. पुण्या-मुंबईत बसून लिहिणाऱ्याला हे सुचणं अवघड आहे. माझा अंदाज आहे की लेखक बेळगाव, शहापूर किंवा सांगली भागातला होता आणि छपाईही इकडचीच असावी. म्हणून शोध मुंबईपासून सुरू करू नका, बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयापासून करा. मग कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर, ते १८५० सालचं आहे. तिथे नाही मिळालं तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय.

जाताना हातात फर्म्यावरची अक्षरं असू द्या आणि ग्रंथपालांकडे शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची मागा. एका भागात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्यात १९३८ ते १९५० पर्यंतची मराठी पुस्तकं नोंदलेली आहेत, पानांच्या संख्येसह. पानांची संख्या लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे. १८६७ च्या कायद्यानं प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण छापणं सक्तीचं होतं. ती ओळ बहुधा नावाच्या पानामागे किंवा अगदी शेवटच्या पानावर असते. तुमची दोन्ही गेली आहेत, म्हणून सूची.

आता शेवटाकडे येऊ. तुम्ही विचारलंय, किती पानं गेली असतील? हे तुमच्या हातातलं पुस्तकच सांगेल. सोळा पानी फर्मा धरला तर शेवटचा फर्मा पान १७७ ला सुरू होतो आणि १९२ ला संपतो. तसं असेल तर तुमची दहा पानं गेली. पण पुस्तकाच्या शेवटी मजकूर पुरत नसेल तर अर्धा फर्माही छापत, आठ पानांचा, १७७ ते १८४. तसं असेल तर फक्त एक पान, म्हणजे दोन बाजू गेल्या. दोन्हींतला फरक दोऱ्यावरून कळतो. जुजबंदी, म्हणजे फर्म्याच्या घडीतून शिवलेली बांधणी असेल, तर दोरा नेहमी फर्म्याच्या बरोबर मधल्या घडीत दिसतो. पान १८० आणि १८१ एकमेकांसमोर येतील असं उघडा. मधल्या खोबणीत दोरा दिसला तर अर्धा फर्मा. दिसला नाही तर पूर्ण, कारण पूर्ण फर्म्याचा मध्य १८४ आणि १८५ च्या मध्ये येतो आणि तो तुमच्याकडे उरलेला नाही. पुस्तक बाजूनं तारेनं टोचलेलं असेल तर ही युक्ती चालणार नाही. पण फोटोत मला पाठीवर दोऱ्याची टोकं दिसतात, म्हणून आशा आहे. दाते सूचीत पानसंख्या १८४ किंवा १९२ निघाली की ताळा जुळला. आणि पुस्तक कुठल्या वाचनालयात मिळालं तर तेवढ्या पानांची झेरॉक्स मागा. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतात, म्हणून अख्खं पुस्तक छापून वाटायचा विचार असेल तर आधी लेखकाचं मृत्युवर्ष काढा. स्वतःच्या वाचनासाठी पाच-दहा पानांना कुणी ग्रंथपाल नाही म्हणणार नाही.

जपणुकीबद्दल मला खरी काळजी आहे. अथणीच्या कोरड्या माळ्यावर जो कागद एवढी वर्षं टिकला, तो खानापूरच्या एका पावसाळ्यात बुरसटू शकतो. तुम्ही पुस्तक खानापूरला आणलंय. ते भिंतीला लागून ठेवू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून, जमिनीपासून उंच, हवा खेळेल अशा कपाटात ठेवा. ऊन दाखवू नका, अशा कागदाला ऊन लागलं की तो आणखी पिवळा आणि ठिसूळ होतो. वास कुबट येत असेल तर तोंडाला मास्क लावून अंगणात सावलीत उघडा. पान फाटलं असेल तर चिकटपट्टी लावू नका. ती काही वर्षांत तपकिरी होते, सुटून जाते आणि डाग कागदातच राहतो. फेव्हिकॉलही पानांवर नको, तो पुन्हा काढता येत नाही. मैद्याची साधी, पातळ खळ आणि जपानी टिश्यू या पातळ, चिवट कागदाची चिंधी, एवढंच पुरे. आमच्या धंद्यात कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. पुठ्ठ्याला ती चालेल, पानांना नको, तांब्याचा अंश कागद खातो.

आणि पाठीला चिकटलेले कागदाचे तुकडे फेकू नका. बांधणीवाले पूर्वी अस्तराला रद्दी वापरायचे. वर्तमानपत्र, वह्यांची पानं, कधी मोडीतले हिशेब. एका कादंबरीच्या पाठीखाली मला सावकाराच्या खात्याचं अर्धं पान मिळालं होतं, गावाच्या नावासकट. तुमच्या पुस्तकात वर्तमानपत्राचा तुकडा निघाला आणि त्यावर तारखेचा अंश असला, तर बांधणी त्या तारखेनंतरची हे पक्कं होतं.

आता सोप्यातली फरशी. इथे मी थोडा कडक बोलतो, राग मानू नका. अथणी, गोकाक, सौंदत्ती या कोरड्या भागात घराखाली पेव असणं अगदी साधी गोष्ट आहे. जोंधळा साठवायला जमिनीत खोल खड्डा, आतून लिंपलेला, तोंड लहान, वर दगड. तुमच्या फरशीखाली पोकळ वाजतंय ते मला पेवच वाटतं, खजिना किंवा भुयार नव्हे. पण पेव बंद खोलीपेक्षा घातक असतं. आत राहिलेलं धान्य आणि बुरशी हवेतला प्राणवायू वापरून टाकतात, जड असलेला कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो, त्याला वासही नसतो. आपल्या भागात पेवात उतरलेला माणूस वर आला नाही आणि त्याला काढायला गेलेलाही आला नाही, असं जुन्या माणसांकडून ऐकलं आहे. कंदील सोडून बघतात, तो विझला तर उतरत नाहीत. पण तो जळत राहिला म्हणून आत सुरक्षित आहे असं होत नाही. दगड काढायचा असेल तर घरातली मुलं लांब ठेवा, काढल्यावर तोंड कित्येक दिवस जाळी लावून उघडं ठेवा, आणि कुणीही आत उतरायचं नाही. बघायचंच असेल तर दोरीला बॅटरी बांधून सोडा, मोबाइलवर चित्रण करा.

कादंबरीकडे परत येतो. पान १७, ३३ आणि ४९ च्या तळाचे, आणि १८०-१८१ च्या खोबणीचे फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढून पाठवा. बांधणीचं त्यानंतर बघू. शेवट मिळाला नाही तरी पुस्तक मी बांधून देईन, तुमचाच जुना दोरा जिथे धरतो तिथे ठेवून. पुढे आठ आणि शेवटी, खोबण जे सांगेल त्याप्रमाणे दोन किंवा दहा, तेवढीच कोरी पानं त्याच मापाची कापून शिवून ठेवीन, म्हणजे खरी पानं सापडतील तेव्हा पुस्तक न उसवता ती त्या कोऱ्या पानांवर चिकटवता येतील.